मुनीमजींचे काय करायचे?

सुरत म्हटले की आपल्या मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोनच साले आठवतात. शाळेत शिकलेली सुरत तिथेच संपते. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग याच सुरतच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते. माझे साडू मात्र इतिहासाचा विषय निघाला की हसून म्हणतात, ‘‘महाराजांनी दोनदा लुटली. मी तीस वर्षं रोज जातो, माझ्या हाती काही लागत नाही!’’

साडू मूळचे अमळनेरचे. तापीकाठच्या रेल्वेने खानदेशातून सुरतला जी माणसे गेली त्यांपैकी एक. उधन्याला मागावर काम करतात. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत फिरलात तर आपण गुजरातेत आहोत याचा विसर पडावा. भाजीवाली अहिराणीत भाव सांगते आणि गिऱ्हाईकही अहिराणीतच घासाघीस करते. या हिवाळ्यात आम्ही दोघे त्यांच्याकडे आठ दिवस राहून आलो. मडगावहून वसईमार्गे गाडी आहे, त्यामुळे मुंबईत धक्के खावे लागत नाहीत. सकाळी लोचो, संध्याकाळी पोंक असा बेत होता. पण घरात शिरलो तेव्हा वेगळीच धांदल चालली होती. मुलाची मुलाखत होती.

मुलगा बी.कॉम. झालेला. कापड व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे आणि मालसाठ्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला बोलावले होते. ऑफिस वेसूला, काचेच्या इमारतीत. ‘टेक्नॉलॉजी कंपनी’ एवढे ऐकून मेव्हणीने शेजारीपाजारी सांगूनही टाकले होते. मग कळले की काम विक्रीचे. तिचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे दारोदार फिरायचं?’’ तिने मला विचारले, जणू ती नोकरी मीच काढली होती.

मी तिला हसलो नाही. कारण आपल्या गोव्यात तरी काय वेगळे आहे? मुलगा सरकारी खात्यात शिपाई झाला तर आपण पेढे वाटतो. कुणी फिरून वस्तू विकतो म्हटले की ‘बरे, दुसरे काही मिळेपर्यंत ठीक आहे’ असे म्हणतो. आणि दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन आपण त्याच विकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहतो. ‘पयलीं पळय, मागीर घे’ म्हणणारी नुस्तेकार बाई हातातला बांगडा तुमच्या नाकासमोर धरते, तुमच्या घरी किती माणसे हे तिला ठाऊक असते, मागच्या आठवड्यात तुम्ही काय नेले हेही. तिला कुणी मुलाखतीला बोलावले तर ती काय तयारी करील?

आमच्या पोराने केलेली तयारी वेगळी होती. चाळीस पानांची वही. प्रत्येक पानावर एक प्रश्न आणि खाली इंग्रजीत उत्तर, यूट्यूबवरून उतरवलेले. ‘स्वतःविषयी सांगा’, ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता’, ‘तुमचा मोठा दोष कोणता’. शेवटच्याचे उत्तर : मी फार मेहनत करतो, हाच माझा दोष. देशभरातल्या लाखो मुलांचा हा एकच दोष आहे असे दिसते! त्याने मला सगळे घडाघडा म्हणून दाखवले. साडू दारात उभे राहून ऐकत होते. इंग्रजी त्यांना कळत नाही, पण तोंडावर कौतुक मावत नव्हते. ‘‘मना आंडोर इंग्रजी बोलस,’’ ते बायकोला म्हणाले.

वहीतल्या एका वाक्यावर मी अडलो. ‘माय फादर इज इन टेक्स्टाईल बिझनेस.’

‘‘हे काय रे?’’ मी विचारले. तो गप्प. मग म्हणाला, ‘‘खोटं नाही ना काका. टेक्स्टाईलच आहे.’’

मला १९८८ साल आठवले. पणजीत सहा महिने मी टाईपरायटर विकायचे काम केले होते. गावात सांगायचो, ‘कंपनीत आहे.’ काय करतो ते सांगत नसे. म्हापशाच्या एका वकिलाला मी इलेक्ट्रॉनिक टाईपरायटर विकला. त्यांनी विचारले, याची रिबन इथे मिळेल ना? मी ‘हो’ म्हटले. मला काहीच ठाऊक नव्हते. पुढे कित्येक महिने ते रिबनसाठी मुंबईला माणूस पाठवत होते, आणि मी त्यांच्या ऑफिसावरून जाताना रस्ता ओलांडत होतो. एवढेच माझे विक्रीशास्त्र. त्यामुळे उपदेश करायचा अधिकार मला फारसा नाही, पण एक मत आहे ते सांगतो. आपल्या घरांतली मुले विक्रीच्या मुलाखतीत पडतात ती इंग्रजीमुळे कमी आणि लाजेमुळे जास्त. विकणे हलके, आणि बाप मागावर हे त्याहून हलके. ज्याला स्वतःचे घर झाकायचे आहे त्याचे निम्मे लक्ष तिथेच गुंतते. समोरचा काय म्हणतो ते तो ऐकणार कधी?

त्याला मी कंपनीविषयी विचारले. वेबसाईट पाठ होती. पण व्यापारी हे सॉफ्टवेअर का घेतो, यावर वहीत एक ओळ नव्हती. आणि गंमत अशी की ते सगळे त्याच्या घरातच होते! जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी कापडावर व्हॅटसुद्धा नव्हता. त्या जुलैत सुरतचे कापड बाजार कित्येक दिवस बंद होते, मोर्चे निघाले. साडूंचे मागही थांबले, घरात पैसे नव्हते, मुलाला तो महिना चांगला आठवत होता. पिढ्यान्‌पिढ्या चोपड्यात हिशेब लिहिणाऱ्या पेढ्यांवर संगणक आला तो हौसेने नव्हे. मग २०१८ चे ई-वे बिल. पुढे १ एप्रिल २०२४ पासून आणखी एक नियम लागू झाला. लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत चुकवा, नाहीतर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जाणार नाही. ज्या बाजाराचा श्वासच लांबलचक उधारीवर चालतो तिथे याने केवढी खळबळ उडाली असेल! आणि कृत्रिम धाग्यावर १२ टक्के कर, कापडावर ५, म्हणून विणणाऱ्याचा पैसा सरकारदरबारी अडकून पडायचा. २२ सप्टेंबर २०२५ ला धाग्याचा कर ५ वर आला. हे शेवटचे मला साडूंनीच सांगितले. शेठ आठवडाभर तेच बोलत होता म्हणे.

‘‘मग तुझ्या मशीनमध्ये कुठल्या पार्टीचे ४५ दिवस भरत आले ते दिसतं का?’’ त्यांनी मुलाला विचारले.

मुलाला माहीत नव्हते. त्याने वही उघडून पहिल्यांदाच स्वतःचा असा प्रश्न लिहिला.

रात्री जेवणे झाल्यावर रंगीत तालीम ठरली. मी मुलाखत घेणारा होणार होतो, ‘हे पेन मला विका’ वगैरे. (२०१३ च्या त्या हॉलिवूडच्या सिनेमानंतर या पेनाने जगभरच्या मुलाखतींत उच्छाद मांडला आहे. पेनाचे गुण सांगत सुटतो तो पडतो. तुम्हाला पेन लागते का, शेवटचे कधी घेतले, हे आधी विचारायचे असते.) पण साडू म्हणाले, ‘‘तुम्ही राहू द्या. मी शेठ होतो.’’

ते गादीवर मांडी घालून बसले, लोड घेतला आणि एकदम दुसरेच झाले. तीस वर्षे ज्याच्यापुढे उभे राहिले त्याला त्यांनी अंगात घेतले होते. मुलगा इंग्रजीत सुरू झाला. शेठने फोन काढून दुसऱ्याशी बोलायला सुरुवात केली. मुलगा हिंदीत आला. शेठने चहा मागवला, त्याला नाही दिला. मेव्हणी पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी मुलगा गुजरातीत आला, तेव्हा शेठने मान वर केली.

‘‘मारो मुनीम पचीस वरसथी चोपडा लखे छे. एनुं शुं करुं?’’

खोली शांत झाली. गेल्या वर्षी साडूंच्या कारखान्यात जुने माग काढून वॉटरजेट आले. तिथे कमी माणसे लागतात. साडूंना ठेवले, त्यांच्या बरोबरीचे दोघे घरी गेले. मुनीमजी हा त्यांच्यापुरता विनोद नव्हता. टेक्नॉलॉजी विकणाऱ्याला हा प्रश्न कुठल्याच वहीत सापडत नाही, आणि खरे गिऱ्हाईक हाच विचारते, तोंडाने नाहीतर मनात. ‘काही होणार नाही’ म्हणून सांगणे सोपे आहे. तेच माझे रिबनचे ‘हो’.

मुलाने बराच वेळ घेतला. मग म्हणाला, ‘‘शेठ, पहेलां मुनीमजीने ज बतावुं? एमनी बाजुमां बेसीने.’’ आधी मुनीमजींनाच दाखवू का, त्यांच्या शेजारी बसून. जुनी उधारी कुणाची कुठे अडकली ते त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसणार, तेच मशीनमध्ये भरायला लागेल.

हे उत्तर पुरे आहे असे मला वाटत नाही. सगळे भरून झाल्यावर मुनीमजींचे काय, हा प्रश्न उरतोच. साडूंनाही तो उरलेला दिसला असावा. ते काही बोलले नाहीत, फक्त समोरचा चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वहीतली तीस पाने सोडून दिली. त्यांच्या जागी कंपनीला विचारायचे प्रश्न आले. ठरलेला पगार किती आणि इन्सेन्टिव्ह किती, टार्गेट कोण ठरवतो, आधीच्या मुलांपैकी कितीजण ते गाठतात, पेट्रोल कोणाचे. हे विचारले तर उद्धट वाटेल, अशी भीती मेव्हणीला होती. मला वाटते, स्वतःच्या पगाराचा भाव ज्याला करता येत नाही त्याच्याकडून कंपनीने तरी भाव करायची अपेक्षा का ठेवावी? अमळनेरच्या माणसांना तर हे सांगायची गरज नाही. १९४५ साली विप्रो त्यांच्याच गावात वनस्पती तूप करायला निघाली. त्या गावात शेअर राखून ठेवलेले लोक कुठच्या कुठे गेले. ‘‘आमच्या आजोबांनी नव्हते घेतले,’’ साडू म्हणाले. हा विषय त्यांना आवडत नाही.

मुलाखतीच्या दिवशी तो बीआरटीएसने एकटाच गेला. चार वाजता परत आला. पेन विकायला सांगितले नव्हते. ‘बाजारात तुझी कुणाशी ओळख आहे का?’ असे विचारले. तो म्हणाला, वडील मागावर आहेत, व्यापारी त्यांना ओळखत नाहीत, पण ते व्यापाऱ्यांना ओळखतात. समोरच्या बाईंनी लिहून घेतले आणि ४५ दिवसांचे फीचर अजून चाचणीत आहे असे सांगितले. मंगळवारी दुसरी फेरी. रिंगरोडच्या एका मार्केटमध्ये त्यांच्या माणसाबरोबर दिवसभर फिरायचे आहे.

‘‘कुठल्या मार्केटात?’’ साडूंनी विचारले. त्याने नाव सांगितले. ‘‘तिथे लिफ्ट बंद असते. बूट घालू नको, चपला घाल.’’

त्यांची रात्रपाळी होती. मेव्हणीने डबा दिला आणि ते निघाले.