गुन्हा नोंदवा, पण दार बंद करू नका

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे दिसले. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अल्पवयीन गरोदरपण इथे अपवाद नाही. पण ते लपते. पोक्सो या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नुसार अल्पवयीन मुलीवरील लैंगिक गुन्ह्याची, म्हणजे अशा गरोदरपणाचीही, माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असल्याने घरचे लोक आरोग्य उपकेंद्राची पायरी टाळतात, किंवा मुलीचे वय वाढवून सांगतात. अॅनिमिया, वाढलेला रक्तदाब, कमी वजनाचे बाळ हे धोके ज्या वयात अधिक, त्याच वयात तपासणी उशिरा होते. ऊसतोडीच्या हंगामात तर नोंद एका गावी नि मुलगी दुसऱ्याच फडावर.

यावर उपाय घरी जाणाऱ्या परिचारिकेचा. अमेरिकेत एल्मायरा इथे १९७७ पासून डेव्हिड ओल्ड्स यांनी तरुण, गरीब मातांकडे परिचारिका पाठवून पाहिल्या. दुसरे बाळंतपण लांबले, मुलांची हेळसांड घटली. आपल्याकडे आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी जातातच. सोळा वर्षांच्या आईला मात्र बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत एकच ओळखीची परिचारिका (एएनएम) हवी. अशाने बालविवाहाला मान्यता मिळेल, हा आक्षेप मला पटत नाही. शिक्षा लग्न लावणाऱ्यांना व्हावी, पोटुशी पोरीला कशाला? गर्भपातापुरती का होईना, अशा मुलीची ओळख पोलिसांना उघड न करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये डॉक्टरांना दिली. बाळंतपण करणारीला तेवढाही आडोसा नाही.