सर्जरीशिवाय सीटी नाही, सीटीशिवाय सर्जरी नाही

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात टाइप ए डिसेक्शनची शस्त्रक्रिया झालेले एक शेतकरी गेल्या महिन्यात आमच्या ओपीडीत आले. तीन आठवडे पाठ दुखत होती. डिस्चार्ज कार्ड मुलाने लॅमिनेट करून जपले होते. त्यावर मजकूर एवढाच : ‘असेंडिंग एओर्टा बदलली. प्रकृती स्थिर. गरज पडल्यास दाखवावे.’ आर्चला हात लावला होता का, डिस्टल जोड कुठे घेतला, डिसेंडिंगचा व्यास तेव्हा किती होता, फॉल्स ल्यूमेन वाहती होती का, याबद्दल एक अक्षर नाही.

सीटी अँजिओसाठी आरोग्य योजनेच्या मंजुरी कक्षाकडे कागद पाठवले. उत्तर आले : शस्त्रक्रिया ठरलेली नाही, सबब सीटी नामंजूर. मग शस्त्रक्रियेचीच मंजुरी मागितली. उत्तर : ताजा सीटी जोडलेला नाही, सबब शस्त्रक्रिया नामंजूर. दोन्ही उत्तरे एकाच कक्षातून, चार दिवसांच्या अंतराने. अखेर मुलाने हातउसने पैसे घेऊन खासगीत सीटी केला. डिसेंडिंग 6.8 सेंटिमीटर.

हा नियम लिहिणाऱ्याला हा आजार समजलेलाच नाही. डीबेकी टाइप 1 मध्ये असेंडिंग बदलली तरी पुढची फाटलेली महाधमनी रुग्णाबरोबर घरी जाते, आणि बहुतेकांची फॉल्स ल्यूमेन वाहतीच राहते. 2022 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना 1, 6 आणि 12 महिन्यांनी, नंतर दरवर्षी इमेजिंग करायला सांगतात. पहिल्या शस्त्रक्रियेवर लाखो रुपये मोजायचे आणि ती टिकवणारा सीटी नाकारायचा, हा कुठला हिशेब?

पण ते कार्ड कक्षाने लिहिले नव्हते, आपल्यापैकीच एकाने लिहिले होते. परिषदेत तीस दिवसांची मॉर्टॅलिटी आपण छातीठोकपणे सांगतो, पाचव्या वर्षाचे विचारले की ‘लॉस्ट टू फॉलोअप’ म्हणून मोकळे होतो. केसपेपरवर मोबाइल नंबर असतो, तो कुणी लावत नाही. या मासिकाने मागितलेली पाच वर्षांची माहिती मोजक्याच सेंटरांनी पाठवली. बाकीच्यांनी नकारसुद्धा कळवला नाही, याचे वाईट वाटते.

मित्रहो, या महिन्यापासून एवढे कराच. कार्डावर काय बदलले, काय फाटलेले राहिले, कुठल्या पातळीवर किती व्यास आणि पुढच्या सीटीची तारीख लिहा. त्याखाली मराठीत, ठळक : बीपीची गोळी बंद करू नका, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातले औषध कुणी दिले तर आधी हे कार्ड दाखवा, भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्या. फ्लुओरोक्विनोलोनबद्दल अमेरिकी एफडीएने डिसेंबर 2018 मध्येच इशारा दिला आहे, तरी लघवीच्या जळजळीला तीच गोळी दिलेले आपले रुग्ण आम्ही पाहतो.

आणि नामंजुरीची पत्रे फेकू नका. रुग्णाचे नाव झाकून 20 तारखेपर्यंत कार्यालयात पाठवा. एकट्यादुकट्याच्या पत्राला उत्तर मिळत नाही. गठ्ठा घेऊन आम्ही स्वतः जाणार आहोत.