पाळण्याची दोरी कोणाच्या हाती?

'कोकोमेलन' या नावाने जगभर दाखविली जाणारी बालगीतांची चित्रमालिका 'नेटफ्लिक्स' सोडून २०२७ पासून 'डिस्ने'च्या घरी नांदावयास जाणार, असे वृत्त २०२५ साली प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रांच्या व्यापारविषयक पानांवर त्याला थोडी जागा मिळाली आणि तेथेच ते विरून गेले. वास्तविक ही बातमी व्यापाराच्या पानावरची नव्हती, ती घराघरांतील पाळण्याशेजारची होती. ज्या गिऱ्हाइकाला एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेण्याचा हा व्यवहार ठरला, त्या गिऱ्हाइकाला अजून धड बोलताही येत नाही. पणजी असो वा पेडणे, मडगाव असो वा काणकोण, मूल जेवेना की त्याच्यासमोर मोबाइल धरावा आणि गुबगुबीत बाळाचे ते चित्र हलू लागताच त्याच्या तोंडात घास भरवावा, हा आता सर्वत्र रूढ झालेला शिरस्ता आहे. तेव्हा या गाण्यांचा धनी कोण, त्याचा हिशेब काय आणि आपल्या मुलांशी त्याचे नाते कोणते, हे विचारण्याचा अधिकार आपल्यालाही पोहोचतो.

या उद्योगाचा आरंभ अगदी साधा आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या जे जिऑन या गृहस्थाने २००६ च्या सुमारास स्वतःच्या मुलांना अक्षरे शिकविण्यासाठी काही चित्रफिती तयार केल्या आणि त्या 'यूट्यूब'वर ठेवल्या. एका बापाच्या हौसेतून निघालेल्या या कामाला हळूहळू प्रेक्षक मिळत गेले. २०१८ मध्ये त्याला 'कोकोमेलन' हे नाव मिळाले आणि पाहता पाहता ती जगातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांपैकी एक झाली. आज तिच्या वर्गणीदारांची संख्या १९ कोटींहून अधिक आहे. बाळाच्या आंघोळीचे तिचे एकच गाणे ६०० कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले आहे. एवढी प्रसिद्धी मिळूनही कित्येक वर्षे तिच्या चालकांची नावे जगाला ठाऊक नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे जे घडले ते भांडवलाच्या स्वभावाला धरूनच होते. २०१८ मध्ये लंडनमध्ये 'मूनबग' नावाची कंपनी स्थापन झाली. लहान मुलांच्या लोकप्रिय वाहिन्या हेरावयाच्या, त्या विकत घ्यावयाच्या आणि त्यांचे रूपांतर मोठ्या व्यापारी नाममुद्रांत करावयाचे, हाच तिचा धंदा. या कंपनीने २०२० मध्ये 'कोकोमेलन' आपल्या पदरी घेतली. त्यानंतर सव्वा वर्ष उलटते न उलटते तोच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, 'मूनबग'च विकली गेली. घेणारी कंपनी होती 'कँडल मीडिया'. ती 'डिस्ने'च्या दोन माजी उच्चाधिकाऱ्यांनी काढली होती आणि तिच्या पाठीशी 'ब्लॅकस्टोन' ही बलाढ्य गुंतवणूक संस्था उभी होती. या सौद्याची किंमत सुमारे ३ अब्ज डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २२,००० कोटी रुपये, असल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या गोवा राज्याचा त्या वर्षीचा संपूर्ण अर्थसंकल्प सुमारे २५,००० कोटींचा होता. एका राज्याची शाळा, इस्पितळे, रस्ते आणि पगार यांवर वर्षभरात जे खर्च व्हावयाचे, जवळजवळ तेवढेच मोल बडबडगीतांच्या एका दुकानाला आले!

'ब्लॅकस्टोन'सारख्या संस्था स्वतःच्या खिशातील पैसा फारसा लावीत नाहीत. अमेरिकेतील शिक्षक, पोलिस, अग्निशामक दलाचे जवान यांच्या निवृत्तिवेतन निधीतील रकमा त्यांच्याकडे गुंतविलेल्या असतात. म्हणजे आपल्या अंगणातील मूल त्या चित्राकडे टक लावून जितका अधिक वेळ बसेल, तितकी दूरच्या कोणा निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनीत भर पडण्याची शक्यता अधिक. यात कोणी एक खलपुरुष नाही. शाळामास्तर दोषी नाही, चित्रे काढणारा कारागीर दोषी नाही. परंतु ज्या यंत्रात कोणीच दोषी नसतो, त्याला जाब तरी कोणी विचारावा?

ही मालमत्ता नेमकी आहे तरी कशाची? या वाहिनीने आपला जम बसविला तो बऱ्याच अंशी इंग्रजीतील जुन्या बालगीतांवर. ही गीते कोणा कंपनीने रचलेली नाहीत. ती पिढ्यान्पिढ्या आयांनी आणि दायांनी गायिली. त्यांवर कोणाचा हक्क नाही, म्हणून ती फुकट मिळाली. मात्र त्यांवर चढविलेले चित्र, त्या चित्रातील बाळाचा चेहरा, त्याचे नाव आणि ते ध्वनिमुद्रण यांवर कंपनीचा पक्का हक्क बसला. या बाळासारखेच बाळ एका चिनी कंपनीने काढले, तेव्हा 'मूनबग'ने तिला अमेरिकेतील न्यायालयात खेचले आणि २०२३ मध्ये तेथील ज्यूरीने १ कोटी ७७ लाख डॉलरची भरपाई देवविली. चोरी ही चोरीच आणि तिला शासन झाले यात गैर काही नाही. पण सार्वजनिक विहिरीचे पाणी आणावे, त्यावर आपल्या घागरीचा शिक्का मारावा आणि मग त्या घागरीसाठी कोट्यवधींचा दावा सांगावा, असा हा प्रकार आहे, हेही नाकारता येणार नाही.

असेच एक जुने उदाहरण अधिक बोलके आहे. वाढदिवसाला जगभर गायिल्या जाणाऱ्या इंग्रजी गाण्याची चाल अमेरिकेतील केंटकीच्या हिल भगिनींनी शाळेतील मुलांसाठी बांधली आणि १८९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे त्या गाण्याचे हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जात राहिले. १९८८ मध्ये 'वॉर्नर' समूहाने ते घेतले आणि चित्रपटात वा नाटकात कोणी ते गायिले की त्याच्याकडून दाम वसूल होऊ लागले. अखेर २०१५ मध्ये न्यायालयाने शब्दांवरील तो हक्कच ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला आणि तडजोडीत कंपनीला १ कोटी ४० लाख डॉलर मोजावे लागले. बालवर्गातील एका शिक्षिकेचे गाणे जनतेला परत मिळावयास शंभराहून अधिक वर्षे लागली!

लेखकाच्या हक्काला आमचा मुळीच विरोध नाही. १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातील मोराचे गाणे ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला चाल दिली आणि आशा भोसले यांनी ते गायिले, हे मराठी मुलखातील शाळकरी पोरही सांगेल. अशा निर्मात्यांना मोबदला मिळालाच पाहिजे. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा काढून घेता येणार नाही अशी तरतूद झाली, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण त्या हक्काला कालमर्यादा असते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कृती लोकांची होते. व्यापारी नाममुद्रेचे तसे नाही. दर दहा वर्षांनी शुल्क भरून ती नूतन केली की तिचे आयुष्य संपतच नाही. कवीला मरण आहे, कवितेवरील हक्कालाही मरण आहे, परंतु खेळण्यांवर, दप्तरांवर आणि दुधाच्या बाटल्यांवर छापलेल्या त्या बाळाला मरण नाही, कारण ते कधी जन्मलेलेच नाही. म्हणूनच आजचा धनिक गाणे विकत घेत नाही, नाममुद्रा विकत घेतो.

याहून गंभीर बाब आहे ती मुलांच्या लक्षाची. या कंपनीच्या लंडनमधील कचेरीत मुलांवर कसे प्रयोग होतात, याचे वर्णन 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२२ मध्ये केले आहे. मुलासमोरील एका पडद्यावर मालिकेचा भाग चालू असतो. शेजारी दुसरा छोटा पडदा ठेवलेला असतो आणि त्यावर कोणी कॉफी ओततो आहे, कोणी केस कापून घेतो आहे, अशी रोजच्या जीवनातील साधी दृश्ये फिरत असतात. मुलाची नजर मालिकेवरून ढळून या दृश्यांकडे वळली की तो क्षण टिपून घेतला जातो. मूल खऱ्याखुऱ्या जगाकडे पाहू लागले, तर तो मालिकेतील दोष! आजी गोष्ट सांगत असता नातवाचे लक्ष खिडकीतल्या चिमणीकडे गेले तर ती गोष्ट थांबविते आणि त्याला चिमणी दाखविते. या दोन दृष्टींतील अंतर ज्याला उमगले, त्याला या धंद्याचे मर्म उमगले, असे म्हणावयास हरकत नाही.

जाहिरातींचा प्रश्न यातूनच उद्भवतो. पालकांच्या संमतीवाचून मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून 'गूगल' आणि 'यूट्यूब' यांना २०१९ मध्ये अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले आणि त्यानंतर मुलांच्या चित्रफितींवर मुलाची पाळत ठेवून जाहिराती दाखविणे बंद झाले. आपल्या देशातही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना नेमून जाहिराती दाखविण्यास मनाई केली असून मुलांविषयीची बंधने मोडणाऱ्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु त्याचे नियम जाहीर होण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडावे लागले आणि मुख्य बंधने लागू होण्यासाठी त्यानंतर आणखी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. शिवाय काही वर्गांना सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखून ठेवला आहे. ही पळवाट पुढे राजमार्ग होणार नाही, याची दक्षता आपल्या लोकप्रतिनिधींनी घ्यावयास हवी. गोव्याच्या खासदारांनी याविषयी संसदेत प्रश्न विचारल्यास त्यांच्या मतदारांना ते आवडेल, अशी ग्वाही आम्ही देतो.

या सर्व प्रकाराचे खापर आईच्या माथी फोडण्याची एक सोपी पद्धत आहे. तिचा आम्ही निषेध करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक दाखवू नये, असे सांगितले. उपदेश योग्यच आहे. पण एकत्र कुटुंबाचा चौसोपी वाडा मोडून दोन खोल्यांचा फ्लॅट आला, आजी गावी राहिली, आई नोकरीसाठी बाहेर पडली आणि मुलाला सांभाळणारे हात घटले. अशा थकलेल्या आईच्या हाती जो मोबाइल येतो, तो तिची चैन नसून तिची मोलकरीण आहे. तिला दूषणे देण्यापेक्षा तिच्या हाती अधिक चांगले काही देता येईल काय, याचा विचार समाजाने करावा. आणि मालक परदेशी आहे एवढ्यावरच रोष धरण्यातही अर्थ नाही. चेन्नईच्या 'चूचू टीव्ही'ने २०१३ पासून याच क्षेत्रात मोठे नाव कमावले आहे. भांडवलाला स्वदेशीचा टिळा लावला म्हणून त्याचा स्वभाव पालटत नाही.

आपल्याकडे देण्याजोगे काय नाही? बारशाचे पाळणे आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत, चवथीच्या फुगड्या आहेत, पौषातल्या चांदण्यात मांडावर रंगणारे धालो आहेत. कोकणी आणि मराठी हातात हात घालून जेथे नांदतात, असे हे गाण्यांचे भांडार आहे. गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ साली फर्मान काढून लग्नसमारंभातील ओव्यांवरही बंदी घातली होती. फर्मान काढणारे गेले, ओव्या उरल्या, कारण त्या बायकांच्या कंठात होत्या आणि कंठाला कुलूप घालता येत नाही. परंतु जे जुलमाला साधले नाही ते सोयीला साधते. ज्या आजीने शंभर ओव्या पाठ केल्या, तिच्या नातीला त्यातल्या चार येतात आणि पणतीच्या कानी एकही पडत नाही. ही बंदी कोणी घातलेली नाही, म्हणूनच तिच्याविरुद्ध सत्याग्रहही करता येत नाही.

करता येण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. कला अकादमी आणि बालभवन यांनी एकत्र येऊन पाळणे, बडबडगीते आणि खेळगीते गावोगावच्या वृद्ध स्त्रियांकडून ध्वनिमुद्रित करून घ्यावी. त्यांवर गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिच्या गावाचे नाव असावे, तिला योग्य मानधन मिळावे आणि ती मुद्रणे कोणत्याही शाळेला, अंगणवाडीला, आईला विनामूल्य वापरता यावी. पणजी आकाशवाणीने संध्याकाळचा अर्धा तास त्यांना द्यावा. गाणे ऐकताना मुलाचे डोळे मोकळे राहतात, हा आकाशवाणीचा मोठाच गुण आहे. खर्च म्हणाल तर एखाद्या सरकारी महोत्सवाच्या मंडपखर्चातील थोडी काटकसर त्याला पुरेल. आणि ही मुद्रणे एखाद्या कंपनीच्या घशात जाऊ नयेत म्हणून ती लोकांच्या मालकीची असल्याचे पहिल्याच दिवशी कागदावर नोंदवून ठेवावे. हिल भगिनींच्या गाण्याने दिलेला हा धडा फुकट मिळाला आहे, तो घेण्यात कमीपणा नाही.

जिच्या हाती पाळण्याची दोरी तीच जगाचा उद्धार करते, असे आपण मातृदिनाच्या सभांतून मोठ्या अभिमानाने सांगत आलो. ती दोरी दोन वर्षांत दोनदा विकली गेली आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. आता ती परत घ्यावयाची असेल, तर तिची किंमत २२,००० कोटी नाही. दिवेलागणीनंतर घरातल्या कोणीतरी, बेसूर का होईना, पण स्वतःच्या आवाजात मुलाला एक गाणे म्हणून दाखविणे, एवढीच ती आहे.