टनांची मात्रा

दिवाळीच्या पहाटे कढत पाण्याची वाट पाहत बसलेल्या वाचकाला उन्हाळ्याची कथा ऐकवणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, हे मला कळते. पण मी पडलो चंद्रपूरचा. आमच्याकडे थंडी पाहुणी म्हणून येते, पावसाळा भाडेकरू म्हणून राहतो. घराचा मालक उन्हाळाच. २०१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस पारा ४८ अंशांच्या घरात गेला, तेव्हा पुण्याच्या नातलगांनी घाबरून फोन केले. आम्ही ऐटीत सांगितले, "नेहमीपेक्षा दोन-तीन अंश जास्त आहे, इतकंच!"

ही ऐट गेल्या वर्षी पार उतरली.

त्याचे असे झाले. आयुष्यभर भाड्याच्या कवेलूच्या घरात काढल्यावर आम्ही स्वतःचे घर बांधले. नऊशे चौरस फूट, वर सिमेंटची स्लॅब, पश्चिमेला मोठ्या खिडक्या. खिडक्या पश्चिमेला का, तर तिकडून सूर्यास्त दिसतो. मराठीच्या प्राध्यापकाने घर बांधले की असे व्हायचेच. वडील तोवर आरमोरीला, वैनगंगेच्या काठच्या जुन्या घरी एकटे राहत. वय ब्याऐंशी, चाळीस वर्षे शाळामास्तरकी केलेली. त्यांना हट्टाने इकडे आणले.

नवतपा सुरू झाला. कूलर रात्रंदिवस घरघरत होता. एका रात्री दोनच्या सुमारास वडिलांच्या खोलीतून आवाज आला म्हणून मी गेलो. ते पलंगावर बसून हजेरी घेत होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गातली मुले, एकेक नाव, मध्ये थांबून उत्तराची वाट पाहणे. अंगाला हात लावला, तर ते तव्यासारखे तापलेले आणि घामाचा टिपूस नाही. मी "बाबा" म्हणून हाक मारली, तर मला म्हणाले, "उशीर का झाला? बाहेर उभा राहा."

ते वाचले. पण डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही, घामही कमी येतो. दिवसाचं ऊन तुम्ही टाळाल; पण तुमची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडते. रात्रीची खोली थंड पाहिजे."

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी कपाटातून पासबुक काढून माझ्यापुढे ठेवले. "अहो, दिवाणखान्याचं फर्निचर राहू द्या. सगळं घर थंड करायचं काय ते बघा."

नागपूरचे मेहुणे धावून आले. त्यांचे मत असे, की खोलीखोलीला डबे लावण्यापेक्षा एकच मोठे यंत्र घ्यावे आणि छताखालून पत्र्याच्या नळ्या फिरवून घरभर गार हवा खेळवावी. दुकानदारही घरी आला. त्याने दारात उभे राहून डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि म्हणाला, "आठ टन. कमी पडायला नको." मेहुणे म्हणाले, "बरोबर आहे. मोठं असलेलं बरं." मीही मान डोलावली. टन म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. पण आठ हा आकडा भारदस्त वाटला.

सुदैवाने त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी वडिलांना भेटायला आला. बारावीला मराठीत जेमतेम उत्तीर्ण झालेला हा मुलगा आता इंजिनिअर होऊन वातानुकूलनाचीच कामे घेतो. आठ टन ऐकून त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"सर, आठ टन कशावरून?"

"अंदाजावरून."

"आमच्या कवितांचे अर्थ तुम्ही अंदाजावरून चालू द्यायचात का?"

मग त्याने खिशातून टेप काढला आणि दोन तास घर मोजले. खिडक्या किती, कोणत्या दिशेला, भिंतीची जाडी किती, घरात माणसे किती, स्वयंपाकघराचे दार कुठे उघडते, दुपारी गच्चीवर सावली पडते का! लग्न जुळवतानासुद्धा कोणी इतके प्रश्न विचारीत नाही. मोजता मोजता तो मला शिकवीत होता, आणि मी वहीत उतरवून घेत होतो.

टन हे यंत्राचे वजन नव्हे. बर्फ विकला जाण्याच्या काळातले ते माप आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतून जहाजाने बर्फ कलकत्त्याला आला होता, त्या जमान्यातले. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी शोषणारे यंत्र ते एक टनाचे. म्हणजे दुकानदार मला रोज सात हजार किलोंवर बर्फ घरात आणून टाकायला सांगत होता!

"पण जास्त असला म्हणून बिघडलं कुठे?" मी विचारले.

"सर, हे यंत्र मुळात कशासाठी निघालं, माहीत आहे? छापखान्यासाठी." १९०२ साली विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी ते योजिले. दमट हवेने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. यंत्राचे अर्धे काम गारव्याचे, अर्धे हवेतला ओलावा काढण्याचे. ओलावा काढायला यंत्र सलग चालावे लागते. वाजवीपेक्षा मोठे यंत्र पाच-सात मिनिटांत घर गार करते आणि बंद पडते. ओलावा तसाच राहतो. पुन्हा चालू, पुन्हा बंद. यंत्र लवकर झिजते, वीज जास्त जाते आणि माणूस गारठूनही चिकचिकतो. मे महिन्यात आमची हवा कोरडी ठणठणीत. म्हणून तर कूलर चालतो. पण मृग लागल्यावर तोच कूलर घरात वाफ सोडू लागतो. मोठ्या यंत्राचे पितळ उघडे पडते तेही त्याच दिवसांत.

लहान यंत्राचीही गत बरी नाही. यंत्रावर लिहिलेली ताकद बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आमच्याकडे ३५ अंश म्हणजे सकाळची चहाची वेळ. बाहेर ४६ झाले की यंत्राची ताकद बरीच घटते, आणि नेमकी त्याच वेळी घराची गरज वाढलेली असते.

शेवटी त्याने हिशेब मांडला. आहे त्या घराला साडेपाच टन लागतील. पैकी निम्म्याच्या जवळपास एकट्या स्लॅबमधून येणारी उष्णता! "सर, तुम्ही यंत्र घेताय ते माणसांसाठी की स्लॅबसाठी? आधी गच्ची झाका. उष्णता अडवणारा थर, त्यावर कोबा, त्यावर पांढऱ्या टाइल. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून आडोसा करा. आतला पडदा उपयोगाचा नाही. ऊन काचेतून आत आलं की आलं. एवढं केलंत तर गरज तीन टनांवर येते. आपल्या उन्हात ती भागावी म्हणून यंत्र चार टनी घ्या, आणि ते गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं घ्या, म्हणजे पावसाळ्यात मंद चालून ओलावा काढील."

आठाचे चार झाले! वृत्त शिकवताना मी पंचवीस वर्षे मुलांना सांगत आलो, की एक मात्रा कमी झाली तरी ओळ लंगडते आणि एक जास्त झाली तरी लंगडते. वैद्यही औषधाची मात्राच सांगतो. आमच्या भाषेने दोघांना एकच शब्द दिला आहे, आणि मी मात्र "मोठं असलेलं बरं" म्हणून मान डोलावीत होतो.

वडील हे सारे आरामखुर्चीतून ऐकत होते. म्हणाले, "काहून रे, आरमोरीच्या घराला हे सगळं होतंच ना? हातभर मातीची भिंत, वर कवेलू, त्याच्या फटींतून गरम हवा निघून जायची, पश्चिमेला चिंच. सूर्यास्त पाहायला आम्ही नदीवर जात होतो!" ह्यावर घरमालकाला काय उत्तर असणार?

गच्चीचे काम दिवाळीनंतर काढले. पहिल्याच दिवशी मिस्त्री म्हणाला, "सायेब, बरं झालं आता काढलं. मे महिन्यात ह्या स्लॅबवर पाय ठेववत नाही." नळ्या तापलेल्या गच्चीवरून न नेता घरातल्या छताखालूनच नेल्या, त्यांना जाड वेष्टन घातले, सांधे नीट बुजवले. गार हवा खोलीत जाते तशी परत यायलाही वाट लागते, म्हणून दारांखाली फट ठेवली. वीजमंडळाकडून मंजूर भार वाढवून घेतला. गंमत पाहा, २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र आमच्या गावाला खेटून उभे आहे. त्याचा धूर आमचा, कोळशाची धूळ आमची, आणि बचतीचा विचार मात्र मला बासष्ट पाने चुकीची तपासल्यावर गुण मोजायला बसावे तसा शेवटी सुचला.

बाहेरच्या यंत्राची जागा ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या घरातली उष्णता नाहीशी होत नाही. ती बाहेर टाकली जाते. शेजारी टिनाच्या छपराखाली एक कुटुंब राहते. त्यांच्या खिडकीसमोर ठेवणे सोयीचे होते. आम्ही ते मागच्या मोकळ्या बाजूला, नळीचा खर्च सोसून, उंचावर बसवले. चार टनांची झळ आठांपेक्षा कमी, हेही त्या हिशेबात आलेच.

ह्या वर्षीचा नवतपा येऊन गेला. यंत्र २७ अंशांवर आणि वर पंखा, एवढ्यावर घर भागते. त्या दिवसांत मी रात्री दोनला उठून वडिलांच्या दाराशी कान देत असे. एकदा आतून हाक आली. छातीत धस्स झाले. दिवा लावला, तर म्हातारा शुद्धीवर, चांगला रागावलेला.

"मे महिन्यात गोधडी मागायची पाळी आणलीस माझ्यावर. कुठे ठेवली आहे तुझ्या बायकोने?"

मी गोधडी आणून दिली. इतक्या आनंदाने मी कुणाची बोलणी कधी खाल्ली नव्हती.