एक्स-रे 'नॉर्मल', तरीही आतड्यात अडथळा? रिपोर्टवर किती विसंबून राहायचं?

पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, दोन दिवस शौचाला झालेलं नाही. एक्स-रे काढला तर रिपोर्ट 'नॉर्मल'. मग निर्धास्त व्हायचं का? नाही. आतड्यात अडथळा असूनही एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो.

एक्स-रेत काय सुटतं?

अडथळ्याच्या अलीकडे हवा आणि पाणी साचतं, आतडं फुगतं. लहान आतडं 3 सेंटीमीटरपेक्षा, मोठं 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त रुंद दिसलं की डॉक्टरांना शंका येते. पण एक्स-रेवर उठून दिसते ती हवा. आतड्यात जवळजवळ पाणीच भरलं असेल, तर फुगवटा लपून राहतो. अडथळा नुकताच सुरू झाला असेल किंवा अर्धवट असेल, तरीही फसगत होऊ शकते.

मग सीटी स्कॅन केला की झालं?

सीटी कितीतरी अधिक सांगतो. अडथळा कुठे आहे, कारण हर्निया आहे की गाठ, हे बहुतेकदा कळतं. पण जुन्या ऑपरेशननंतर पोटात तयार होणारे चिकट पट्टे, म्हणजे लहान आतड्याच्या अडथळ्याचं एक प्रमुख कारण, सीटीत सहसा थेट दिसत नाहीत. आतडं अचानक अरुंद झालेलं दिसतं, त्यावरून अंदाज बांधावा लागतो. आपल्याकडे आतड्याच्या टीबीमुळेही अडथळा येतो. त्याची आणि क्रोन्स आजाराची चित्रं इतकी सारखी असतात की अनेकदा तुकडा तपासावा लागतो.

सर्वांत मोठा धोका म्हणजे पीळ पडून आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं. सुरुवातीच्या टप्प्यात हे सीटीतूनही निसटू शकतं. शिवाय स्कॅन म्हणजे त्या क्षणाचा फोटो. सकाळचा रिपोर्ट संध्याकाळची स्थिती सांगत नाही.

म्हणून डॉक्टर काय करतात?

पोट पुन्हा पुन्हा तपासतात, नाडी, ताप आणि रक्ताचे रिपोर्ट पाहतात. काही रुग्णांना कॉन्ट्रास्ट औषध देऊन ते 24 तासांत मोठ्या आतड्यात पोहोचतं का, हे बघतात. पोहोचलं, तर ऑपरेशन टळण्याची शक्यता वाढते.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हिरवट उलट्या, गॅसही न सरणं, सतत वाढणारी वेदना किंवा ताप असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी लगेच पुन्हा हॉस्पिटल गाठा. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मत घेता येतं, पण पोटाला हात लावून तपासणं फोटोवरून होत नाही.