सहमूळतेची खरी कसोटी

दोन संख्यांना १ खेरीज दुसरा साधारण विभाजक नसला म्हणजे त्यांस सहमूळ म्हणावे, ही व्याख्या आपली मुले बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु ८ आणि १५ ही जोडी समोर ठेवताच, यांतील एकही संख्या मूळ नसताना जोडी सहमूळ कशी, ह्या संभ्रमात पुष्कळजण पडतात. सहमूळता हा दोन संख्यांमधील संबंध आहे. तीच १५ ही संख्या ८ शी सहमूळ असते आणि ९ शी नसते.

माझ्या मते हा संभ्रम कसोटीच्या निवडीतून उपजतो. विद्यार्थ्यास प्रथम मूळ अवयव पाडावयास फर्माविले जाते. लहान संख्यांपुरते ते ठीकच, परंतु २२१ व ४३७ अशा संख्या आल्या की १३ गुणिले १७ आणि १९ गुणिले २३ ही फोड हाती लागेपर्यंत तो थकून जातो. वस्तुतः अवयवांच्या ह्या चौकशीचे प्रयोजनच नाही. मोठ्या संख्येस लहान संख्येने भागावे, आलेल्या बाकीने त्या लहान संख्येस भागावे, आणि हाच क्रम पुढे चालवावा. अखेरीस १ उरला तर संख्या सहमूळ, आणि त्याआधीच निःशेष भाग गेला तर शेवटचा भाजक हाच त्यांचा मसावि. ४३७ ला २२१ ने भागता २१६ उरतात, २२१ ला २१६ ने भागता ५, आणि २१६ ला ५ ने भागता १. तीन भागाकारांत निकाल लागला. जो विभाजक दोन्ही संख्यांस निःशेष भागतो, तो त्यांच्या बाकीसही भागल्यावाचून राहत नाही, एवढेच ह्या रीतीचे मर्म. आणि लगतच्या दोन संख्या नेहमी सहमूळ का असतात, याचा उलगडाही त्यातच होतो.

युक्लिडच्या ग्रंथातील सातव्या खंडाचे पहिलेच प्रमेय ह्या कसोटीचे आहे. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’च्या कुट्टक-प्रकरणात असा प्रश्न घातला की, २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळविले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? परस्पर भागाकाराने १३ हा साधारण विभाजक काढून तिन्ही राशींस त्याने भागले म्हणजे १७, १५ व ५ उरतात, आणि १७ व १५ सहमूळ झाल्यावर ५ हे उत्तर सुलभतेने मिळते. ६५ च्या जागी ६६ असते तर मात्र प्रश्नच असाध्य ठरला असता.  आजही, ज्या शेकडो अंकी संख्यांचे अवयव संगणकासही व्यवहार्य काळात पाडता येत नाहीत, त्यांची सहमूळता हाच परस्पर भागाकार क्षणार्धात ठरवितो.

म्हणून पाठ्यपुस्तकांच्या कर्त्यांस आणि शिक्षकांस माझी आग्रहाची विनंती आहे की, भागाकाराची ही रीत मसाविच्या प्रकरणापुरती राखून न ठेवता, सहमूळ संख्यांच्या पहिल्याच पाठात तिची तजवीज करावी.