चटईवरचे धुतलेले वस्त्र

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन झाला. उत्तर गोलार्धातला हा सर्वांत मोठा दिवस. युरोपात तेव्हा लख्ख उन्हाळा असतो, आपल्याकडे कोकणात आणि मुंबईत मात्र पावसाने बहुधा तोवर बस्तान बसवलेले असते. शाळेच्या सभागृहात, कार्यालयाच्या गच्चीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या सकाळी चटया अंथरल्या जातात. दमट हवेत तासभर आसने होतात, घाम येतो, प्रार्थना संपते आणि चहा-नाश्त्याच्या घाईत त्या चटया तशाच गुंडाळून, सुतळीने बांधून कपाटात किंवा जिन्याखाली ठेवल्या जातात. पुढचे तीन-चार महिने हवेतली ओल उतरत नाही. चटईच्या स्वच्छतेबद्दल आपण बोलतो ते बहुधा कोणता फवारा घ्यावा, कोणता द्रव वापरावा असे. खरा प्रश्न ओलीचा आहे. चटई वाळल्याशिवाय गुंडाळायची नाही आणि नीट धुता येत नाही अशा चटईवर धुता येणारे कापड अंथरायचे, या दोन गोष्टी पाळल्या तर बाटलीतल्या द्रवांची गरज फारशी उरत नाही.

बाजारात मिळणारी चटई बहुतेक वेळा पीव्हीसी, टीपीई, ईव्हीए किंवा नैसर्गिक रबराची असते. तिची पकड आणि मऊपणा येतो तो आतल्या बारीक छिद्रांमुळे. ही छिद्रे बंद असतील तर घाम वरच राहतो आणि पुसता येतो. उघडी असतील तर चटई स्पंजासारखी घाम पिते आणि वरून कोरडी दिसली तरी आतून ओली राहते. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जीवाणू त्यातले घटक तोडतात तेव्हा वास तयार होतो. म्हणून चटई उलगडताच येणारा कुबट वास ही शिळी ओल असल्याची खूण आहे, त्यावर सुगंध मारून ती ओल जात नाही. गुंडाळण्याच्या रीतीतही एक गोम आहे. सरळ गुंडाळी केली की प्रत्येक वेढ्यात चटईची जमिनीकडची बाजू अंगाखालच्या बाजूला चिकटते. ज्या बाजूवर आपण उद्या कपाळ टेकणार, तिला पार्किंगची धूळ आपणच लावून ठेवतो. आधी वरची बाजू आत घेऊन चटईची दुहेरी घडी घातली आणि मग गुंडाळले, तर मळकी बाजू मळक्या बाजूलाच लागते. यात खर्च काहीच नाही, तरी नव्या साधकाला हे सहसा कोणी सांगत नाही.

एवढी काळजी कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत आहे. नायटा, गजकर्ण आणि पावसाळ्यातल्या चिखल्या आपल्याला नव्या नाहीत, पण गेल्या काही वर्षांत हे बुरशीचे विकार चिवट झाले आहेत. भारतात पसरलेल्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव मिळाले. या बुरशीच्या अनेक नमुन्यांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध पुरेसे चालत नाही. दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे चोळल्याने रोग दबतो, लपतो आणि पुन्हा उफाळतो, हेही डॉक्टर सातत्याने सांगत आले आहेत. ही बुरशी गळून पडलेल्या त्वचेच्या कोंड्यात दीर्घकाळ तग धरू शकते. तिचा प्रसार मुख्यतः घरातल्या माणसांच्या संपर्कातून आणि एकमेकांचे कपडे, टॉवेल वापरल्याने होतो. एखाद्या रुग्णाला ती अमुक चटईवरूनच लागली असे दाखवून देणे अवघड आहे, आणि चटईची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. पण जो युक्तिवाद आपण टॉवेलला लावतो तो चटईला लावायला काय हरकत आहे? दुसऱ्याचा टॉवेल अंगाला लावायला आपण कचरतो. ज्या चटईवर आधीच्या तुकडीतला कोणी अनवाणी, घामाने भिजून तासभर पडला होता, तिच्यावर मात्र गाल टेकवून निश्चिंत शवासन करतो.

आता धुण्याबद्दल. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब, मऊ फडके, मग साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसणे आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन्ही बाजूंनी वाळवणे, एवढे पुरते. साबण जास्त झाला तर त्याचा थर राहतो आणि चटई निसरडी होते. धुण्याच्या यंत्रात ती घालू नये, पिळताना ती फाटते. व्हिनेगर आणि सुगंधी तेलांचे घरगुती फवारे हल्ली फार सुचवले जातात. व्हिनेगर हे दुबळे जंतुनाशक आहे आणि तेल रबराला मऊ करून बिघडवते. सॅनिटायझरचा वारंवार मारा केला तर पृष्ठभाग कोरडा आणि कडक होत जातो. शिवाय कोणतेही जंतुनाशक मळाच्या थरावरून नीट काम करत नाही. आधी मळ निघायला हवा आणि औषधाला काही मिनिटे ओले राहू द्यायला हवे. दोन फवारे मारून लगेच गुंडाळलेली चटई अधिक ओली होते, अधिक स्वच्छ होत नाही. आपल्या घरांतली ऊन दाखवण्याची सवय कापसाच्या गादीसाठी उत्तम आहे, पण रबराच्या चटईला दुपारचे कडक ऊन मानवत नाही. ती ठिसूळ होते, तिला तडे जातात आणि मग त्या तड्यांत मळ बसतो.

म्हणूनच कापडाचा आग्रह. चिकट चटईचा उगमच बोलका आहे. युरोपात शिकवणाऱ्या अँजेला फार्मर या योगशिक्षिकेने गालिच्याखाली घालायचे घसरणरोधक अस्तर कापून आसनांसाठी वापरले आणि पुढे त्यातून आजची चटई रूढ झाली. म्हणजे जी वस्तू गालिच्याच्या खाली राहण्यासाठी जन्मली, ती वर आली आणि थेट अंगाला लागली. आपल्या परंपरेत आसनाची कल्पना थरांची होती. गीतेच्या सहाव्या अध्यायात शुद्ध जागी कुश, मृगाजिन आणि वस्त्र यांचे आसन सांगितले आहे. थरांच्या क्रमाबद्दल भाष्यकारांत मतभेद आहेत. शंकराचार्य वस्त्र सर्वांत वर घेतात, ज्ञानेश्वरांनी ते मधे घातले आहे. पण ज्ञानेश्वरीत ते नुसते वस्त्र नाही, धुतलेले वस्त्र आहे. हठयोगप्रदीपिकेत साधनेची खोली शेणाने सारवलेली आणि स्वच्छ असावी असे म्हटले आहे, आणि पतंजलींच्या पाच नियमांत शौच पहिले येते. हे दाखले मी पावित्र्यासाठी देत नाही. ज्यावर बसायचे ते रोज स्वच्छ करता येण्यासारखे असावे, हा त्यातला साधा व्यवहार मला महत्त्वाचा वाटतो.

कापड घसरते, हा पहिला आक्षेप आणि तो खरा आहे. कोरड्या तळहातांनी अधोमुख श्वानासन चादरीवर करू नये, मनगट दुखावेल. म्हणून उभी आसने उघड्या चटईवर, पाय धुऊन आणि पुसून करावीत. बसून, पालथे किंवा उताणे पडून करायच्या आसनांसाठी कापड पसरावे. म्हैसूरच्या अष्टांग परंपरेत चटईवर जाड सुती सतरंजी घालण्याची प्रथा आहे आणि ती घामाने किंचित ओली झाली की अधिक पकड देते. जाड विणीची आपली सोलापुरी चादरही बसण्या-निजण्याच्या आसनांना चालेल. दुसरा आक्षेप असा की आमच्या पिढ्या जमिनीवर वाढल्या, त्यांना काही झाले नाही. पण शहाबादी फरशी रोज पुसली जायची आणि घटकाभरात वाळायची. फोम ओल धरून ठेवतो. तुलना जमिनीशी करायचीच असेल तर न पुसलेल्या, न वाळलेल्या जमिनीशी करायला हवी. पाण्याच्या टंचाईचा मुद्दा दुष्काळी भागात गंभीर आहे, मात्र इथे लागते ते फडके भिजवण्यापुरते पाणी. वर्गात सामायिक वापरल्या जाणाऱ्या लोडांची आणि शीर्षासनासाठी डोक्याखाली घ्यायच्या ब्लँकेटांची गोष्ट याहून सोपी आहे. त्यांवर प्रत्येकाने घरचा पंचा घालावा.

राहतो जबाबदारीचा प्रश्न. स्वतःची चटई ज्याची त्याने पाहावी, पण सामायिक चटई कोणाचीच नसते आणि म्हणून ती कधीच धुतली जात नाही. ती विकत घेताना बिल भरणारी संस्था असते, तेव्हा ती वाळवण्याची जबाबदारीही संस्थेचीच. शाळेने नव्या चटया घेण्याआधी त्या वाळत घालण्यासाठी दोरी बांधायला जागा आहे का ते पाहावे. वर्ग चालवणाऱ्यांनी दोन तुकड्यांमध्ये पुसण्यापुरता मोकळा वेळ ठेवावा आणि अंगावर नायटा किंवा पायाला चिखल्या असलेल्या साधकाला, कमीपणा न वाटू देता, स्वतःची चटई आणायला सांगावे. येत्या २१ जूनला कार्यक्रम संपल्यावर चटया लगेच बांधू नका. बाकांवर आडव्या टाका, पंखे सुरू ठेवा आणि हाताला पूर्ण कोरड्या लागल्या की मगच कपाटात ठेवा.